घरच्या घरी स्पार्क प्लग बदलताना: हात आधी, पाना नंतर

सपाट रस्त्यावर काहीच जाणवत नाही, पण खंबाटकी घाट लागला किंवा यवतेश्वरची वळणे सुरू झाली की गाडी मध्येच हिसका देते, पिकअप घेत नाही आणि दुसऱ्या गिअरवरही दमल्यासारखी चालते, ही तक्रार साताऱ्यात पेट्रोलची गाडी वापरणाऱ्यांना नवी नाही. यामागचे कारण समजण्यासारखे आहे. चढावर आपण ॲक्सिलरेटर जास्त दाबतो, सिलिंडरमध्ये हवा-पेट्रोलचे मिश्रण जास्त भरते, ते दाबले गेल्यावर आतला दाब वाढतो आणि जितका दाब जास्त तितके ठिणगीला प्लगच्या दोन टोकांमधले अंतर ओलांडणे अवघड होते. टोके झिजून अंतर वाढलेला प्लग सपाटीवर कसाबसा वेळ निभावून नेतो, घाटात मात्र त्याचे पितळ उघडे पडते. म्हणून घाटात गाडी ‘मिसिंग’ मारू लागली की इंजिन उघडण्याच्या गोष्टी करण्याआधी प्लग काढून पाहणे शहाणपणाचे ठरते.

हे काम घरी करता येते, आणि ज्याने आजवर बॉनेट केवळ काचेचे पाणी भरण्यापुरते उघडले आहे त्यालाही ते जमू शकते. काम सोपे असले तरी त्यात एक जागा अशी आहे, की तिथे केलेल्या घाईची किंमत प्लगच्या किमतीच्या कितीतरी पट मोजावी लागते. ती जागा म्हणजे सिलिंडर हेडमधले, म्हणजे सिलिंडरच्या वरच्या झाकणातले आटे. हेड ॲल्युमिनियमचे असते, प्लगची चूड (आटे असलेला खालचा भाग) पोलादाची असते, आणि मऊ धातूत कडक धातू तिरका घुसवला तर नुकसान कोणाचे होणार हे सांगायला नको. या लेखातल्या बऱ्याचशा सूचना शेवटी त्या आट्यांच्याच काळजीसाठी आहेत.

सर्वांत आधी आपली गाडी पेट्रोलची, सीएनजीची की डिझेलची याची खात्री करावी. डिझेलच्या इंजिनात स्पार्क प्लग नसतोच. तिथे दाबाने तापलेल्या हवेत डिझेल स्वतःहून पेट घेते, आणि जो प्लग असतो तो गार इंजिन सुरू करताना उष्णता देणारा हीटर प्लग असतो. त्याचे काम, काढण्याची पद्धत आणि मोडण्याची भीती हे सगळेच वेगळे असल्यामुळे डिझेल जीपवाल्यांना हा लेख उपयोगाचा नाही.

बदलायची वेळ कशी ओळखावी

गाडीसोबत मिळालेल्या पुस्तिकेत प्लग किती किलोमीटरला बदलावा हे छापलेले असते आणि तोच आकडा प्रमाण मानावा. ढोबळ मानाने सांगायचे तर साधा निकेलचा प्लग मोटारसायकलमध्ये दहा-बारा हजार किलोमीटर आणि चारचाकीत वीस ते तीस हजार किलोमीटर चांगले काम देतो. इरिडियमचे टोक असलेला प्लग चारचाकीत याच्या तिप्पट-चौपट टिकू शकतो, कारण इरिडियम हा फार कठीण आणि २,४०० अंश सेल्सिअसच्याही वर वितळणारा धातू आहे, त्यामुळे ठिणगीने तो झिजतो फार सावकाश. ठिणग्या किती पडतात याचा हिशोब केला तर झीज का होते ते लक्षात येते. फोर-स्ट्रोक इंजिनात दर दोन फेऱ्यांना एकदा ठिणगी लागते, म्हणजे इंजिन मिनिटाला २,००० फेऱ्यांनी फिरत असेल तर प्रत्येक प्लग मिनिटाला हजार वेळा पेटतो, आणि दर वेळी धातूचा एखादा कण उडून जातो.

सीएनजीवर चालणाऱ्या गाड्यांचे प्लग लवकर थकतात. वायू पेटवायला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्टेजची ठिणगी लागते, त्यामुळे वाढलेला गॅप, म्हणजे प्लगच्या दोन टोकांमधले अंतर, सीएनजीवर आधी जाणवतो आणि पेट्रोलवर उशिरा. दिवसभर वडाप करणाऱ्या गाडीचा चालक ‘गॅसवर हिसका मारते, पेट्रोलवर ठीक चालते’ असे म्हणतो, तेव्हा पहिला संशय प्लगवर घ्यावा. याशिवाय सकाळी सुरू व्हायला वेळ लागणे, उभ्या गाडीत इंजिनाचा ठेका चुकणे, ॲव्हरेज घटणे ही लक्षणे नेहमीची आहेत. चारचाकीच्या डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा नुसता लागून राहिला तर चार दिवसांत बघता येते. तो लुकलुकत असेल तर मात्र न जळालेले पेट्रोल सायलेन्सरमधल्या, धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळत असण्याची शक्यता असते, आणि तो भाग अत्यंत महाग असल्यामुळे गाडी तशीच दामटू नये.

योग्य प्लग आणणे

दुकानात ‘अमुक गाडीचा प्लग द्या’ एवढे सांगून जो मिळेल तो आणणे बरोबर नाही. पुस्तिकेतला प्लगचा क्रमांक कागदावर उतरवून न्यावा. त्या क्रमांकातले प्रत्येक अक्षर काहीतरी सांगत असते. उदाहरणार्थ, एनजीके कंपनीच्या ‘बीपीआर६ईएस’ या क्रमांकात ‘बी’ म्हणजे १४ मिलिमीटर व्यासाची चूड, ‘आर’ म्हणजे आत रेझिस्टर (विजेला अडथळा करणारा भाग) आहे, ‘६’ म्हणजे उष्णता वाहून नेण्याची श्रेणी आणि ‘ई’ म्हणजे चुडीची लांबी १९ मिलिमीटर. लांबी चुकली तर काय होते याची कल्पना करावी: आखूड प्लग हेडच्या आतच राहतो, उघड्या राहिलेल्या आट्यांवर काजळी बसते आणि पुढच्या वेळी योग्य प्लग आत जात नाही, जास्त लांब प्लग लावला तर पिस्टन वर येऊन त्यावर आदळू शकतो. रेझिस्टर नसलेला प्लग लावला तर रेडिओत खरखर येते आणि इंजिनाच्या इलेक्ट्रॉनिक यंत्रणेतही गडबड होऊ शकते.

उष्णतेच्या श्रेणीबाबत नेहमी गोंधळ होतो, म्हणून थोडे थांबून सांगतो. चालू इंजिनात प्लगचे टोक साधारण ४५० ते ८५० अंश सेल्सिअसच्या दरम्यान राहायला हवे. त्याहून गार राहिले तर टोकावरची काजळी जळून जात नाही आणि प्लग काळा पडत जातो. त्याहून फार तापले तर ते टोकच निखाऱ्यासारखे मिश्रण वेळेआधी पेटवते आणि पिस्टनला धोका होतो. जो प्लग उष्णता झटपट हेडकडे पोहोचवतो त्याला ‘थंड’ आणि जो सावकाश पोहोचवतो त्याला ‘गरम’ म्हणतात. एनजीकेच्या पद्धतीत आकडा मोठा तितका प्लग थंड, आणि बॉशच्या पद्धतीत नेमके उलटे. त्यामुळे एका कंपनीचा ‘६’ काढून दुसऱ्या कंपनीचा ‘६’ बसवला म्हणजे जुळले असे समजू नये. दुकानदाराकडून पर्यायी क्रमांकांचा तक्ता मागून पाहावा.

किती प्लग लागतील तेही आधी मोजावे. सहसा जितके सिलिंडर तितके प्लग, पण अपवाद आहेत. डीटीएस-आय पल्सरच्या एका सिलिंडरला दोन प्लग असतात, आणि आय-डीएसआय इंजिनाच्या जुन्या होंडा सिटीला चार सिलिंडर असूनही आठ लागतात. चारचाकीचे प्लग एकाच वेळी सगळे बदलावेत. तीन जुने आणि एक नवा अशी जोडी लावून इंजिन समतोल चालत नाही. बनावट माल बाजारात असतोच, म्हणून खोक्यावरची छपाई पुसट वाटली, चुडीवर खरवड दिसली किंवा पांढऱ्या चिनी मातीवरची अक्षरे बोटाने पुसली गेली तर तो प्लग परत करावा.

हत्यारे

मोटारसायकलसाठी गाडीच्या टूलकिटमधला नळीसारखा प्लग पाना आणि त्यात आडवी घालायची टॉमी पुरेशी होते. चारचाकीत प्लग खोल विहिरीत बसलेला असतो. त्यासाठी १६ मिलिमीटरचा किंवा काही गाड्यांना १४ मिलिमीटरचा खास प्लग सॉकेट, एक लांब एक्स्टेन्शन आणि रॅचेट लागते. जुन्या गाड्यांच्या जाड प्लगना २१ मिलिमीटरचा सॉकेट बसतो. प्लग सॉकेटच्या आत रबराची बांगडी किंवा लोहचुंबक असते आणि ते प्लग धरून ठेवते. साधा खोल सॉकेट वापरला तर सैल केलेला प्लग विहिरीच्या तळाशी राहतो आणि मग तारेचे आकडे करून तो वर काढत बसावे लागते. प्लगला जास्त व्होल्टेजची वीज पुरवणाऱ्या कॉइलचे बोल्ट उघडायला बहुधा १० मिलिमीटरचा पाना लागतो.

याखेरीज गॅप मोजायला वायर गेज, सायकलचा हवा भरायचा पंप, स्वच्छ सुती फडके आणि बोटाएवढ्या जाडीची दीड-दोन वीत रबरी नळी जवळ ठेवावी. नळीच्या भोकात प्लगचे वरचे टोक घट्ट बसले पाहिजे. पेट्रोलच्या पाइपचा तुकडा चालतो. ही नळी या कामातले सर्वांत स्वस्त आणि माझ्या मते सर्वांत मोलाचे हत्यार आहे, ते का हे पुढे कळेल. आवळणीचा जोर मोजणारा टॉर्क पाना असेल तर उत्तम, नसेल तर त्यावाचून काम अडत नाही.

इंजिन गार होऊ द्यावे

गाडी बाहेरून आल्याबरोबर प्लगला हात घालू नये. हेड तापलेले असताना जोर लावला तर आट्यांचे कण प्लगसोबत ओढले जाऊ शकतात. शिवाय हात भाजतो तो वेगळाच. रात्रभर उभी राहिलेली गाडी सकाळी उघडणे सर्वांत चांगले. दारासमोर सावली असते आणि पुढे अख्खा दिवस हाती असतो, म्हणजे काही अडले तर दुकान उघडे मिळते. गाडी सपाट जागी हँडब्रेक लावून उभी करावी, किल्ली काढून खिशात ठेवावी आणि चारचाकीत बॅटरीची ऋण बाजूची तार सोडवावी. तार काढल्याने घड्याळ आणि रेडिओच्या जुळण्या पुसल्या जातात, तेवढे चालवून घ्यावे.

विहिरीची सफाई

नवखा माणूस जी पायरी हमखास गाळतो ती हीच. ऊसतोडीच्या हंगामात कोरेगाव किंवा कऱ्हाडकडच्या रस्त्यांवर ट्रॅक्टरच्या मागे चार महिने गाडी चालवली असेल, तर प्लगभोवतीच्या खळग्यात माती, वाळूचे खडे, पाचटाचे तुकडे असे काय काय साठलेले असते. प्लग काढला की हे सगळे उघड्या भोकातून थेट सिलिंडरमध्ये पडते. आतल्या गुळगुळीत भिंतीवर वाळूचा एक खडा पिस्टनबरोबर वरखाली घासला जाणे किती वाईट हे वेगळे सांगण्याची गरज नाही. म्हणून कॅप किंवा कॉइल काढल्यानंतर, पण प्लग सैल करण्याआधी, पंपाने भरपूर हवा मारून खळगा साफ करावा. हवा मारताना डोळे बाजूला ठेवावेत, कारण माती उसळून तोंडावरच येते. प्लग अर्धा फेरा सैल करून पुन्हा एकदा हवा मारली तर आट्यांच्या कडेला अडकलेली उरलीसुरली घाणही निघते.

मोटारसायकलच्या हेडमध्ये प्लगच्या खळग्यातून पाणी बाहेर जाण्यासाठी बऱ्याचदा एक बारीक भोक ठेवलेले असते. ते चिखलाने बुजले की पावसाळ्यात खळग्यात पाणी साचते, कॅपमधून ठिणगी भलतीकडेच उडते आणि गाडी भर पावसात बंद पडते. मेढा, बामणोलीकडे पावसाळ्यात जाणाऱ्यांनी ते भोक बारीक तारेने मोकळे करून घ्यावे.

मोटारसायकल आणि स्कूटर

मोटारसायकल मधल्या स्टँडवर घ्यावी. प्लगची काळी कॅप धरून थोडी डावी-उजवी फिरवावी आणि सरळ ओढावी. वायर धरून ओढू नये, कारण वायर कॅपमधून निसटते आणि मग दोष शोधत बसावे लागते. प्लग पाना प्लगवर पूर्ण बसला आहे ना हे बघून टॉमी घालावी आणि घड्याळाच्या उलट दिशेने फिरवावे. पाना तिरका बसला असताना जोर लावल्यास प्लगची पांढरी माती तडकते. ॲक्टिव्हासारख्या स्कूटरमध्ये सीटच्या पुढच्या टोकाखाली, पाय ठेवण्याच्या जागेच्या मागे प्लगसाठी छोटे झाकण दिलेले असते. ते उघडले की प्लग दिसतो, पण जागा अडचणीची असल्यामुळे लांब पाना लागतो.

साताऱ्यात हे काम एके काळी घरोघरी चालत असे. महाराष्ट्र स्कूटर्सच्या इथल्या कारखान्यात प्रिया स्कूटर तयार होत होती, आणि त्या काळच्या टू-स्ट्रोक गाड्यांना पेट्रोलमध्ये ऑइल मिसळावे लागत असल्यामुळे प्लग सारखा काळा पडायचा. डिकीत जास्तीचा प्लग, पाना आणि पॉलिश पेपरचा तुकडा बाळगणे ही तेव्हाची रीतच होती. घरातली वडील माणसे आजही प्लग घासून पुन्हा लावायला सांगतात, ते त्या अनुभवावरून. आजच्या फोर-स्ट्रोक गाडीचा साधा प्लग एखाद्या वेळी अडचणीत पितळी ब्रशने साफ करून घरापर्यंत येणे ठीक आहे, पण शंभर-दीडशे रुपयांच्या प्लगसाठी ती कायमची सवय करण्यात अर्थ नाही. इरिडियमच्या बारीक टोकाला तर ब्रश किंवा पॉलिश पेपर लावूच नये.

चारचाकी

इंजिनावरचे प्लॅस्टिकचे झाकण सरळ वर उचलले की निघते. ईकोसारख्या गाडीत इंजिन पुढच्या सीटखाली असते, तेव्हा आधी सीट उचलावी लागते. आजच्या बहुतेक गाड्यांत प्रत्येक प्लगच्या डोक्यावर स्वतंत्र कॉइल बसवलेली दिसते. तिच्या वायरीच्या कनेक्टरची खिट्टी अंगठ्याने दाबून कनेक्टर मागे ओढावा. उष्णतेने हे प्लॅस्टिक ठिसूळ झालेले असते, त्यामुळे स्क्रूड्रायव्हरने उचकटण्याचा मोह टाळावा. बोल्ट काढल्यावर कॉइल थोडी फिरवून रबर सुटले की सरळ वर खेचावी.

एका वेळी एकच कॉइल आणि एकच प्लग काढावा, तो बदलावा, आणि मगच पुढच्याला हात लावावा. वितरकातून (डिस्ट्रिब्युटरमधून) प्रत्येक प्लगला जाड वायरी जाणाऱ्या जुन्या गाड्यांत तर हा नियम मोडूच नये, कारण वायरींची अदलाबदल झाली की ठिणग्यांचा क्रम चुकतो आणि गाडी एकतर सुरू होत नाही किंवा फटाके वाजवते. वायरी हाताळतानाच त्या कुरतडलेल्या नाहीत ना तेही पाहावे. शेताजवळ उभ्या राहणाऱ्या गाडीत उंदीर हा मोठा शत्रू असतो.

कॉइल वर काढल्यावर तिच्या रबराला किंवा विहिरीच्या तळाला इंजिन ऑइल दिसले तर वरच्या टॅपेट कव्हरचे किंवा प्लगच्या नळीचे सील गळत आहे असे समजावे. ऑइल फडक्याने टिपून घेतल्याखेरीज प्लग काढू नये. नवीन प्लग बसवून गाडी चालेल, पण सील बदलले नाही तर ते ऑइल कॉइलचे रबर फुगवते आणि काही महिन्यांत तोच त्रास परत येतो.

प्लग सैल होताना सुरुवातीला एक ‘टक’ असा आवाज येतो आणि नंतर तो हलका फिरू लागतो. तो आवाज न येता पाना जड जड फिरत राहिला, किंवा करकर ऐकू आली, तर थांबावे. प्लग पुन्हा थोडा आत फिरवावा, आट्यांच्या मुळाशी गंज सोडवणाऱ्या तेलाचे दोन थेंब सोडावेत, अर्धा तास जाऊ द्यावा आणि पाव फेरा बाहेर, थोडा आत अशा पद्धतीने हळूहळू काढावा. तरीही दाद देत नसेल तर ते काम गॅरेजला करून घ्यावे. लांब पाइप लावून जोर वाढवणे हा या कामातला सर्वांत वाईट उपाय आहे.

जुना प्लग वाचणे

काढलेले प्लग फेकू नयेत. पुठ्ठ्याला भोके पाडून त्यांत ते १, २, ३, ४ अशा क्रमाने खोवून ठेवावेत, म्हणजे कोणता प्लग कोणत्या सिलिंडरचा हे समजते. टोकाची पांढरी माती फिकट तपकिरी किंवा करडी दिसत असेल तर इंजिन नीट जळते आहे. सीएनजीच्या गाडीत हा रंग आणखी पांढुरका असतो, त्याने घाबरू नये. कोरडी, मखमली काजळी असेल तर पेट्रोल जास्त जाते आहे. एअर फिल्टर तुंबलेला असणे, चोक अडकणे किंवा सतत दोन-दोन किलोमीटरच्याच फेऱ्या होणे ही त्याची नेहमीची कारणे होत. कार्बोरेटरच्या जुन्या मोटारसायकलवर महाबळेश्वर-पाचगणीला रोजची ये-जा असेल तरीही असे होऊ शकते, कारण १,३०० मीटरच्या आसपास आणि त्याहून वर हवा विरळ असते आणि कार्बोरेटर पेट्रोल मात्र त्या मानाने कमी करत नाही. २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ निकषांच्या इंजेक्शनच्या गाड्यांत ही भरपाई संगणक करतो.

ओलसर, चकचकीत काळा थर आणि ऑइलचा वास असेल तर पिस्टनच्या रिंगा किंवा व्हॉल्व्हची सीले झिजली आहेत. नवा प्लगही तसाच काळा होणार हे धरून चालावे. पांढरीफटक माती, त्यावर बारीक फोड आणि वितळल्यासारखे टोक हे सर्वांत गंभीर लक्षण आहे. इंजिन फार तापते आहे, पेट्रोल कमी पडते आहे किंवा चुकीच्या श्रेणीचा प्लग लागला आहे, यांपैकी काहीतरी नक्की घडते आहे आणि ते शोधल्याशिवाय गाडी घाटात घालू नये. चारपैकी एकच प्लग वेगळा दिसत असेल तर दोष त्या एका सिलिंडरपुरता आहे, आणि चारही सारखेच काळे किंवा सारखेच पांढरे असतील तर कारण सगळ्यांना समान असलेल्या हवा-पेट्रोलच्या वाटेवर शोधावे.

गॅप

नवीन प्लग खोक्यातून निघाला म्हणजे त्याचा गॅप आपल्या गाडीला हवा तेवढाच असेल असे नाही. मोटारसायकलींना बहुधा ०.६ ते ०.९ मिलिमीटर आणि चारचाकींना ०.८ ते १.१ मिलिमीटर लागतो, पण नेमका आकडा पुस्तिकेतलाच घ्यावा. वायर गेजची योग्य तार दोन टोकांमधून सरकवावी. ती किंचित घासत गेली तर गॅप बरोबर. कमी-जास्त असेल तर फक्त बाहेरची वाकडी पट्टी अगदी हलक्या हाताने वाकवावी. मधल्या टोकावर टेकण देऊन पट्टी उचकटू नये, त्याने आतली माती तडकते. इरिडियम प्लग बहुतेक वेळा नेमका गॅप ठेवूनच येतो. तो केवळ तपासावा, आणि फरक असेल तर वाकवण्यापेक्षा बरोबर क्रमांकाचा दुसरा प्लग आणावा. हातातून फरशीवर पडलेला प्लग, बाहेरून कितीही धडधाकट दिसला तरी, लावू नये, कारण मातीतली केसाएवढी चीर डोळ्याला दिसत नाही आणि घाटात दाब वाढला की ठिणगी तिथूनच पळते.

बसवणे

आता रबरी नळीची वेळ येते. नवीन प्लगचे वरचे टोक नळीत खोचावे आणि प्लग विहिरीत अलगद सोडावा. चूड हेडच्या तोंडाला टेकली की नळी आधी घड्याळाच्या उलट दिशेने हळू फिरवावी. एका क्षणी प्लग किंचित खाली बसल्याचे बोटांना जाणवते, कारण दोन्ही आट्यांची सुरुवात एकमेकींसमोर आलेली असते. तिथून सुलट फिरवायला लागावे. प्लग सरळ जात असेल तर तो चार-पाच फेरे बोटांच्या जोरावर सहज उतरतो. तिरका जात असेल तर अडतो, आणि रबरी नळी प्लगवर नुसती घसरून फिरते. आटे खराब होतील एवढा जोर ती लावूच शकत नाही, हाच तिचा गुण आहे. अडला तर प्लग पूर्ण बाहेर घ्यावा आणि पुन्हा सुरुवात करावी. इथे चार वेळा परत करावे लागले तरी हरकत नाही. मोटारसायकलमध्ये हात पोहोचत असल्यास नळीऐवजी नुसत्या बोटांनी लावावा, पण पाना लावून सुरुवात कधीही करू नये. आटे चढले तर हेड उतरवून वर्कशॉपमध्ये नवे आटे मारून घ्यावे लागतात किंवा भोकात हेलिकॉइल (नव्या आट्यांचे काम करणारी तारेची गुंडाळी) बसवावी लागते, आणि त्यात पैसा व दिवस दोन्ही जातात.

प्लग पूर्ण उतरून वॉशर टेकला की मग सॉकेट लावावा. टॉर्क पाना असेल तर ॲल्युमिनियमच्या हेडमध्ये १४ मिलिमीटरच्या प्लगला साधारण २५ ते ३० न्यूटन-मीटर, १२ मिलिमीटरच्या प्लगला १५ ते २० आणि १० मिलिमीटरच्या प्लगला १० ते १२ न्यूटन-मीटर पुरतात. टॉर्क पाना नसेल तर १४ मिलिमीटरचा वॉशरवाला नवा प्लग हाताने टेकल्यानंतर पान्याने अर्धा ते दोन तृतीयांश फेरा आवळावा. वॉशर चेपला जातो आहे हे हाताला कळते. तोच प्लग काढून पुन्हा लावायचा असेल तर वॉशर आधीच चेपलेला असतो, तेव्हा फेऱ्याचा बारावा हिस्सा एवढीच आवळणी पुरे. वॉशर नसलेल्या, निमुळत्या बैठकीच्या प्लगला तर सोळावा हिस्साच. बारीक व्यासाच्या प्लगच्या खोक्यावर फेऱ्याचे चित्र छापलेले असते, ते पाहावे. ‘आणखी एक पीळ’ देण्याची आपल्याकडची खोड इथे नडते. सैल राहिलेला प्लगही तितकाच वाईट, कारण त्यातून दाब निसटतो आणि प्लगची उष्णता हेडकडे जात नाही.

आट्यांना ग्रीस किंवा चिकटू न देणारी पेस्ट लावावी का, असे बरेच जण विचारतात. नामांकित कंपन्यांच्या आजच्या प्लगच्या चुडीवर मुळातच धातूचा मुलामा असतो, त्यामुळे त्याची गरज नसते. उलट पेस्टमुळे चूड निसरडी होते आणि तेवढ्याच जोरात प्लग प्रमाणाबाहेर आवळला जातो. कॉइलच्या रबराच्या आतल्या कडेला मात्र डायइलेक्ट्रिक ग्रीसचा (वीज न वाहणाऱ्या ग्रीसचा) अगदी पातळ हात फिरवणे चांगले, म्हणजे ओल आत शिरत नाही आणि पुढच्या वेळी रबर फाटत नाही. कॉइल सरळ दाबून बसवावी, बोल्ट बेताने आवळावा, कनेक्टरचा ‘टिक’ आवाज ऐकावा आणि हाताने ओढून खात्री करावी.

सुरू करून पाहताना

सगळे जोडून झाल्यावर आत एखादे हत्यार किंवा फडके राहिले नाही ना हे पाहून बॅटरी जोडावी आणि इंजिन सुरू करावे. प्लग हेडला टेकवून ठिणगी पाहण्याची जुनी पद्धत वापरू नये. उघड्या भोकातून उडणाऱ्या पेट्रोलच्या वाफेला आग लागण्याचा धोका असतो, आणि प्लग नीट टेकला नाही तर कॉइलही जळू शकते. इंजिन दोन-तीन मिनिटे एका ठेक्यात चालले की छोटीशी फेरी मारावी, शक्यतो चढाची, कारण दोष दिसतो तो तिथेच. प्लगच्या जागेतून फट-फट आवाज आला तर प्लग सैल आहे. इंजिन बंद करून गार झाल्यावर पुन्हा आवळावा.

नवे प्लग लावूनही एकच सिलिंडर मिसिंग मारत असेल तर कॉइलची परीक्षा घरीच करता येते. संशयित सिलिंडरची कॉइल शेजारच्या सिलिंडरवर लावावी आणि गाडीच्या संगणकातले दोष वाचणाऱ्या स्कॅनरने कोड पाहावा. पी०३०१ म्हणजे पहिल्या सिलिंडरचा दोष, पी०३०२ म्हणजे दुसऱ्याचा, याप्रमाणे. कॉइलबरोबर दोषाचा आकडाही सरकला तर कॉइल बदलावी. आकडा जागेवरच राहिला तर इंजेक्टर, व्हॉल्व्ह किंवा कॉम्प्रेशन यांचा प्रश्न आहे, आणि तिथून पुढचे काम गॅरेजचे. जाताना जुने प्लग पुठ्ठ्यात लावलेले आहेत तसेच सोबत न्यावेत. जाणता मेकॅनिक बॉनेट उघडण्याआधी तेच मागून घेईल.